समासातल्या खुणा

आमच्या घरात पहाटे पहिला आवाज व्हायचा तो परातीचा. आई भाकरीचं पीठ मळायला घ्यायची, परात फरशीवर घासायची आणि त्या घासण्यानं मला जाग यायची. दुसरा आवाज दादांच्या सायकलच्या साखळीचा. दादा म्हणजे माझे वडील. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वाशीच्या एका सरकारी कचेरीत ते शिपाई होते आणि गावापासून वाशी सायकलवर पाऊण तास होती. खाकी कपडे ते रात्री घडी करून अंथरुणाखाली ठेवायचे, इस्त्री तिथंच व्हायची. सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळी भाकरी आणि येसराची आमटी. आमटी पातळ असायची आणि तिखट असायची, त्यामुळं ती कमी आहे हे कुणाच्या लक्षात यायचं नाही. जेवणाआधी वंदना व्हायची, जेवणानंतर माझा अभ्यास. घरात शिकणारी मी एकटीच होते. थोरला भाऊ सहावीतच शाळा सोडून पुण्याकडं कामाला गेला होता.

दादांच्या लेखी अभ्यास कानाला ऐकू यायला हवा. मी ओसरीवर बसून इतिहासातली कारणं, भूमितीची प्रमेयं, हिंदीच्या कविता, सगळं एकाच सुरात म्हणायचे. सूर थांबला की दादा बाहेरून विचारायचे, "निजलीस का गं?" मी विचार करत असले तरी "न्हाय, दादा" म्हणायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. गप्प बसून विचार करणं आणि झोपणं यांत आमच्या घरात फरक नव्हता. मी दोष देत नाही, नोंद करते. दादा स्वतः सातवी शिकलेले. कचेरीतलं त्यांचं सगळं ज्ञान ऐकून पाठ झालेलं होतं: कुठला अर्ज कुठल्या टेबलावर जातो, कुठल्या साहेबासमोर किती वेळ उभं राहायचं आणि कधी मागं सरायचं. त्या ज्ञानावर घर चाललं होतं. मला पाठ लवकर व्हायचं, म्हणून मी हुशार ठरले होते. तीन घरं पलीकडं माझा आवाज जायचा आणि बायका आईला म्हणायच्या, "तुझी पोरगी लई शिकणार." मलाही तसंच वाटायचं.

नववीत गणिताला बिराजदार सर आले. मुरुमचे होते. मुरुम आमच्याच जिल्ह्यात, पण कर्नाटकाच्या कडेला, त्यामुळं त्यांच्या बोलण्याला आमच्यापेक्षा वेगळा हेल होता. वाक्याच्या शेवटी ते "की" लावायचे. पोरं मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करायची. ते गिरणीच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे, स्वतः रांधायचे आणि मारायचे नाहीत. यातल्या शेवटच्या गोष्टीमुळं पहिले दोन महिने त्यांना कुणी मोजलं नाही. शाळा एका संस्थेची होती आणि त्यांची नेमणूक तात्पुरती होती. मान्यता यायची होती. मान्यता हा शब्द मी शिक्षकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला होता की मला तो एखादा आजार वाटायचा.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला फळ्यापाशी उभं केलं. मी प्रमेय एका दमात म्हणून दाखवलं, आकृतीसकट.

"समजलंय?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"कशावरून?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी आकृतीतली अक्षरं पुसली, त्रिकोण उलटा काढला आणि दुसरी अक्षरं घातली. "आता सांग की." मला सांगता आलं नाही. वर्ग हसला. सर हसले नाहीत. "हिची चूक न्हाई. हिला कुणी विचारलंच न्हाई," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि तो बरेच दिवस राहिला.

त्यानंतर त्यांनी खुणा सुरू केल्या. गणित सोडवायच्या आधी वहीच्या समासात पेन्सिलीनं एक खूण टाकायची. येतं, आणि का येतं ते दुसऱ्याला सांगता येईल, तर गोल. येतं, पण नुसतं पाठ आहे, तर तिरकी रेघ. अंदाजानं करतोय, तर फुली. मग गणित सोडवायचं. उत्तर चुकलं तर सर काही म्हणायचे नाहीत, पण गोल टाकून चुकलं, किंवा फुली टाकून बरोबर आलं, की वही पुढं ओढायचे आणि त्याखाली दोन ओळी लिहायला लावायचे: मला काय वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय होतं. ते उत्तरं कमी तपासायचे, खुणा जास्त. एकदा घरचा अभ्यास म्हणून त्यांनी सांगितलं, की घरातल्या कुणाला तरी विचारून या, तुम्हाला एखादी गोष्ट कळते ती कशी कळते. मी आईला विचारलं, तवा तापला हे तुला कसं कळतं? "कळतंय म्हंजे कळतंय. काय येड्यावानी इचारतीस," ती म्हणाली. तीन दिवसांनी चुलीपुढं बसल्या बसल्या ती आपणहून म्हणाली, "पाण्याचा हात झटकला की थेंब पळतुया. बसला तर तवा कच्चा. म्या इतकी वर्सं बघती, पर बघती हे आज कळलं." मी ते तसंच वहीत लिहिलं. सरांनी ते वर्गात वाचलं. आईच्या तोंडचं वाक्य शाळेत वाचलं गेल्याची ती एकच वेळ.

माझ्या शेजारी सुमन बसायची. धनगराच्या घरातली, बाप मेंढरं घेऊन वर्षातले चार-पाच महिने बाहेर. तिच्या वहीत सुरुवातीला सगळ्या फुल्या होत्या आणि सगळी उत्तरं बरोबर. सर तिला रोज तोच प्रश्न विचारायचे, "सुमन, अंदाज इतका बरोबर कसा येतो गं?" ती म्हणायची, "न्हाय माहीत, सर." दिवाळीपर्यंत असं चाललं. मग एक दिवस तिनं गोल टाकला. सरांनी तो बघितला आणि काही न बोलता वही परत दिली. सुमन त्या तासाला दुसरं काही ऐकत नव्हती, हे मी शेजारी बसून पाहिलं. माझं उलटं होतं. माझ्या वहीत गोलच गोल. सरांनी ओढलेल्या एका पानाखाली मी चिडून लिहिलं: "हे मला पाठ आहे, कळलेलं नाही. कळल्याचं सोंग मी चांगलं करते." लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा ते खरं होतं. त्या दिवसापासून मला गणित येऊ लागलं. हे विधान मी जपून करते. पुढं आयुष्यभर मी मजकूर तपासण्याचं काम केलं, आणि जे तपासता येत नाही ते लिहिलं नाही.

दहावीच्या शेवटच्या तासाला सरांनी सांगितलं, "बोर्डाच्या पेपरात यातली एक पण खूण टाकायची न्हाई. तिथं तपासणारा तुम्हाला ओळखत न्हाई. खुणा डोक्यात टाका की." वाक्य मी जसंच्या तसं देते आहे, कारण पुढचं सगळं या वाक्यावर अवलंबून होतं. त्या दिवशी वर्गात बावीस जण होते. बावीस जणांनी ते ऐकलं.

पेपर वाशीच्या केंद्रावर होते. गणिताच्या पेपराला मी पहिला प्रश्न वाचला आणि हात समासात गेला. पेन्सिलीनं लहानसा गोल. दुसऱ्याला गोल, तिसऱ्याला रेघ. हे मी करते आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा तिसरं पान चालू होतं. स्वतःकडं लक्ष देण्याची सवय इतकी मुरली होती की तिच्याकडं लक्ष राहिलं नव्हतं. खोडरबर सुमनकडं होता आणि ती दोन बाकं पुढं. खोडण्यात वेळ घालवायचा नव्हता. एवढीशी पेन्सिलीची खूण, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढं लिहीत राहिले.

निकालाच्या दिवशी मुख्याध्यापक यादी घेऊन आले. आमच्या शाळेच्या नऊ नंबरांपुढं गुण नव्हते, "राखीव" असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यानं लागोपाठच्या उत्तरपत्रिकांत सारख्या खुणा बघितल्या होत्या. त्याचे अर्थ त्याच्या लेखी दोनच असू शकत होते: उत्तरं ठरवून लिहिली, किंवा ओळख पटवायला खुणा केल्या. मी त्याच्या जागी असते तर मीही तोच अर्थ काढला असता. नऊ जणांत मी होते आणि सुमन होती. सगळ्यांना पालकांसकट जिल्ह्याला चौकशीला बोलावलं होतं.

माझ्यापुरतं काय पणाला लागलं होतं ते सांगते. गावात अकरावी नव्हती. उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळण्याजोगी होती. दादांनी कचेरीतल्या कुणाला तरी धरून अर्ज आणला होता. त्याला गुणपत्रिका जोडायची होती आणि मुदत तीन आठवड्यांची होती. निकाल सुटला तर मी जाणार होते. नाही सुटला तर आत्याच्या दिराचा मुलगा होता आणि आत्या येऊन गेली होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी आम्हा नऊ जणांना आणि आमच्या माणसांना शाळेत बोलावलं. बिराजदार सरांना बोलावलं नव्हतं. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळ्यांना पाणी द्यायला सांगितलं आणि मग म्हणाले, "दोनच वाटा हायत. सरांनी सांगितलं म्हणून खुणा केल्या, असं लिवलं तर पोरं सुटत्यात. सरांनी नको म्हणलं तरी केल्या, असं लिवलं तर पोरं अडकत्यात. आता सरांचं काय, ते तात्पुरते. मान्यता आलेली न्हाय. त्यांना दुसरी शाळा मिळंल. पोरांना दुसरं वरीस कुठनं आणायचं?"

सुमनच्या वडिलांनी विचारलं, "पर सरांनी सांगितलं व्हतं का?"

"तात्या, मी इचारतो ते ऐका. तुमच्या पोरीला पास करायचीया का न्हाय?"

मग त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं: या खुणा आम्हांस गणिताच्या शिक्षकांनी शिकविल्या व त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही त्या उत्तरपत्रिकेत केल्या. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. "शब्द थोडे थोडे बदला," ते म्हणाले. "सगळ्यांचं सारखं आलं तर पुन्यांदा कॉपीच म्हणतील." दोघांनी लगेच वाचून दाखवलं आणि त्यांनी दुरुस्त्या सुचवल्या. ज्या फळ्यावर दोन वर्षं "कशावरून" असं विचारलं गेलं होतं तोच फळा. हे त्या वेळी माझ्या मनात आलं होतं. आता सुचलेलं नाही.

घरी येताना मी दादांना म्हणाले, "दादा, सर नको म्हणले होते. तुम्ही सांगा, काय लिहू?"

दादा सायकल हातात धरून चालत होते. "साहेबाच्या कागदावर साहेबाला पायजे तेच लिवायचं असतंय," ते म्हणाले. "खरंखोटं आपल्या घरी."

चौकशी जिल्ह्याच्या एका शाळेत होती. वर्गात टेबलामागं दोन साहेब, बाहेर व्हरांड्यात आम्ही. बिराजदार सर आमच्या आधीच आले होते. त्यांच्यापाशी कापडी पिशवी होती आणि पिशवीत आमच्या दोन वर्षांच्या वह्या होत्या. रद्दीत न घालता त्यांनी त्या जपून ठेवल्या होत्या. खुणा रोजच्या सवयीच्या आहेत, उत्तरांशी त्यांचा संबंध नाही, हे वह्या उघडल्या की कुणालाही दिसेल, असं त्यांना वाटत होतं. माझ्याकडं बघून ते म्हणाले, "घाबरू नको. सगळं लेखी आहे की आपल्याकडं." त्यांची ती चूक होती. लेखी आहे म्हणजे ते वाचलं जाईल आणि वाचलं की समजेल, असं ते धरून चालले होते.

मला आत बोलावलं. टेबलावर माझी वही उघडी होती.

"ही तुझी?"

"हो."

"अक्षर तुझं?"

"हो."

साहेबांनी बोट ठेवून वाचलं. "हे मला पाठ आहे, कळलेलं नाही. कळल्याचं सोंग मी चांगलं करते." दुसरे साहेब हसले. "पोरगी स्वतःच लिहून देतेय, कळलेलं नाही म्हणून. आणि पेपरात सगळं बरोबर. मग पेपरात आलं कुठून?"

दारातून सर म्हणाले, "साहेब, ते पान नववीतलं आहे. पुढची पानं बघा की."

"तुम्हाला विचारलेलं नाही. बाहेर थांबा."

पुढची पानं कुणी बघितली नाहीत. साहेबांनी माझ्यापुढं छापील कागद सरकवला. त्यावर दोन प्रश्न होते. खुणा कुणी शिकवल्या? उत्तरपत्रिकेत कुणाच्या सांगण्यावरून केल्या? पहिल्याचं उत्तर सर हेच होतं आणि ते खरं होतं. पेन त्याच ओळीतून खालच्या ओळीत गेलं. मी "त्यांच्याच सांगण्यावरून" याऐवजी "त्यांनी सांगितल्याप्रमाणे" असं लिहिलं, कारण शब्द बदलायचे होते. सही केली. दादांनी पालक म्हणून केली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. बाहेर आले तेव्हा सर खिडकीपाशी उभे होते. त्यांनी मला काही विचारलं नाही.

माझ्यानंतर दोघं आत जाऊन आले, मग सुमन गेली. दार उघडं होतं, आतलं ऐकू येत होतं. ती बराच वेळ लिहीत होती.

"एवढं काय लिहितेस?" साहेब म्हणाले. "एक ओळ पुरे."

"एका ओळीत बसत न्हाय, साहेब."

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. तिनं काय लिहिलं ते तिनं सांगितलं: सरांनी शेवटच्या तासाला नको म्हणून सांगितलं होतं, मी सवयीनं केल्या, खोडायच्या राहिल्या. मग विचारलं, "तू?"

"सगळ्यांनी लिहिलं तेच."

तिनं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

आठ जणांचे निकाल सुटले. सुमनचा रद्द झाला. आठ कागद एक सांगत होते आणि एक कागद दुसरं सांगत होता, तेव्हा खोटं कोण हे ठरवायला कुणाला वेळ लागला नसावा. संस्थेनं सरांच्या मान्यतेचा प्रस्ताव परत मागवला आणि पावसाळ्यात ते गाव सोडून गेले. गिरणीमागच्या खोलीत गिरणीवाल्यानं पोती रचली. सरांचं पुढं काय झालं याविषयी मी दोन वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या. दोन्हींची खातरजमा केलेली नाही, म्हणून देत नाही. वर्तमानपत्रात असताना मी कितीतरी माणसांचे पत्ते शोधून काढले. कुणाचा ठावठिकाणा लागत नाही अशी सबब मी हाताखालच्या बातमीदारांकडून ऐकून घेतली नाही. मुरुमला जायला धाराशिवहून दोन-तीन तास लागतात. मी गेले नाही.

सुमनला ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं. फॉर्म भरायला तिला वाशीला कुणी नेलं नाही. मी तेव्हा वसतिगृहात होते, आणि तिथून एक पत्र टाकणं अवघड नव्हतं. त्याच थंडीत तिचं लग्न झालं. माझं शिक्षण झालं, नोकरी झाली, मी उपसंपादक झाले, मग वरच्या खुर्चीवर बसले. बातमीदार बातमी घेऊन आला की मी विचारायचे, "कशावरून?" कडक बाई म्हणून माझं नाव झालं. निवृत्तीच्या समारंभात एका सहकाऱ्यानं भाषणात सांगितलं की हा एक शब्द बाईंनी आम्हाला दिला. मी टाळ्या वाजू दिल्या.

सुमनकडं मी मागच्या हिवाळ्यात गेले. नंबर तिच्या पुतण्याकडून मिळाला. फोनवर ती "ये की" एवढंच म्हणाली. तो "की" सरांचा होता, की आता सगळेच तसं बोलतात, ते मला ठरवता आलं नाही. तिचं सासर वाशीपासून लांब नाही. दारात सून मोबाइलवर बोलत होती, सुमन आत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मला ओळखलं, बसायला पाट दिला आणि अर्धं सूप माझ्याकडं सरकवलं. आम्ही शेंगा सोलत गावातल्या माणसांविषयी बोललो. कोण आहे, कोण गेलं. दादा गेल्याचं तिला कळलं होतं. मग मी त्या कागदाचा विषय काढला. काढायलाच आले होते.

"एक इचारू?" ती म्हणाली. "लिवताना तुला कळत होतं का, काय लिवतीस ते?"

सोळा वर्षांची होते, पुढं दोन साहेब होते, मागं दादा उभे होते, डोकं चालत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. तिनं तशी जागाही ठेवली होती. वर बघितलं नव्हतं.

"कळत होतं," मी म्हणाले. "शब्दसुद्धा निवडून लिहिले."

"पक्कं?"

"पक्कं."

तिनं हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "मला आपलं वाटायचं, भ्यालीस आन् काय सुचलं न्हाय तुला. तेवढ्यावर म्या इतकी वर्सं तुला माफ करत आली." ती उठली, पदर झटकला. "चल, हात धू. जेवायची येळ झाली."

तिनं ताट वाढलं. मी जेवले.